माझ्या घशाला काही झालेलं नाही

मंगळवार, ४ मार्च

आज आवाज फाटला. लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाई लपवाछपवी करते.

दुपारची गोष्ट. स्टुडिओत वाचतेय त्या कादंबरीचा दुसरा भाग संपत आलाय, शेवटचं प्रकरण चालू आहे. आई मुलाला दारापर्यंत सोडायला येते आणि एवढंच म्हणते, "पत्र टाक." दोन शब्द. 'पत्र' नीट आलं आणि 'टाक'च्या जागी नुसती खरखर. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. जोरात खाकरून घसा मोकळा केला, तर तिसऱ्यांदा 'पत्र'सुद्धा गेलं.

काचेपलीकडून बटण हातवारे करत होती. बटण म्हणजे आमची रेकॉर्डिस्ट. चाळिशीची, दोन लेकरांची आई, पण अंगाने एवढीशी आणि दिवसभर बटणं दाबत बसलेली, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी हे नाव ठेवलं. ती रागावली नाही. रागावली असेल तरी मला कळलं नाही, कारण ती तोंडातल्या तोंडात बोलते. हल्ली सगळेच तसे बोलतात. रेडिओवर आम्ही बातम्या वाचायचो तेव्हा एक शब्द पुसट गेला तरी साहेब केबिनमध्ये बोलवायचे. आता कुणाला कशाचं काही नाही. तिला म्हटलं, "अगं, हेडफोनचा आवाज वाढव जरा, मला माझंच वाचलेलं नीट ऐकू येत नाही." तिने वाढवला, पण तोंड कसनुसं करून.

निघताना स्टुडिओचे मालक जिन्यात भेटले. म्हणाले, "बाई, तिसऱ्या भागाचं आपण महिनाअखेरीस ठरवू." ठरवू म्हणजे काय? पहिला भाग मी वाचला, दुसरा मी वाचला. डोळे गेलेली, अंथरुणाला खिळलेली, रात्रपाळी करणारी माणसं ही कादंबरी माझ्या आवाजात ऐकतात. तिसऱ्या भागात त्या आईचं म्हातारपण आहे. तिला तिथवर आणून सोडायचं आणि पुढे दुसरीच कुणी बोलणार? मी तशीच जिना उतरले.

घरी येऊन सगळं यांना सांगितलं. हे पेपरात डोकं घालून काहीतरी बोलले. "मोठ्याने बोला हो जरा!" म्हटलं, तर गप्पच झाले. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आणि गप्प बसण्याचं यांच्याकडे, लग्नापासून. पण पूर्वी निदान शब्दकोडं तरी बरोबर सोडवायचे. हे गॅलरीतून प्रश्न वाचायचे, मी ओट्यापाशी उभी राहून उत्तर द्यायचे. हल्ली तेही नाही. एकटेच कोडं घेऊन पुटपुटत बसतात. कंटाळले असतील मला.

गुरुवार, ६ मार्च

गरम पाणी, मध, आलं, गुळण्या, सगळं झालं. फरक शून्य.

लेकीचा फोन आला. पलीकडून म्हणते, "आई, ओरडतेस कशाला? मी इथेच आहे." मी ओरडत नाही, मी स्पष्ट बोलते. बत्तीस वर्षं त्याचाच पगार घेतला. तिचा फोनच बिघडलाय, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. तसं तिला सांगितलं तर म्हणे फोन नवा आहे. नवा असून ही तऱ्हा.

दाराची बेल पुन्हा नादुरुस्त. दुरुस्तीवाला महिन्यात दुसऱ्यांदा आला, दोनदा बटण दाबलं, "चालू आहे की" म्हणाला आणि एक पैसा न घेता गेला. काम येत नसलं की माणसं असा मोठेपणा करतात. बेलचं सोडा, मागच्या झाडावर पहाटे केवढा किलबिलाट असायचा. पक्षीही गेले कुठेतरी. या घरात आता आवाज म्हणून उरलाय तो माझा, आणि तोही चालला.

सोमवार, १० मार्च

घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हे बरोबर आले होते. नको म्हटलं तरी आले.

नाकातून बारीक नळी आत घातली, टोकाला कॅमेरा. समोर पडद्यावर माझ्याच घशाचं आतलं. इतकी वर्षं ज्याच्यावर घर चालवलं ते एवढंसं असतं! दोन पांढुरक्या पट्ट्या, कडेने लालसर. बाईंनी "ई" म्हणायला लावलं, तर पट्ट्या जवळ आल्या पण मध्ये फट राहिली.

त्या म्हणाल्या, "वयाने स्नायू थोडे बारीक झालेत. ते सगळ्यांचंच होतं, त्याला व्यायाम आहे. पण ही सूज वयाची नाही, वापराची आहे. दिवसभर कुणावर ओरडता?"

मला असा राग आला! म्हटलं, "डॉक्टर, मी कमावलेला आवाज वापरते. माझ्या घशाला काही झालेलं नाही, थोडा थकलाय."

त्यावर त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी चपलांकडे बघितलं.

मग त्यांनी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून पथ्य सांगितलं. ती एक बाई नीट बोलते, एवढं मात्र मानलं. सारखं खाकरायचं नाही, त्याने पट्ट्या एकमेकींवर आपटतात. घसा बसला म्हणून कुजबुजायचंही नाही, त्याने ताण वाढतो. घोट घोट पाणी. वाचण्याआधी ओठ मिटून गुणगुणायचं, आणि पेल्यात पाणी घेऊन नळीने बुडबुडे काढत "ऊ" म्हणायचं. चार-पाच दिवस बोलणं जवळजवळ बंद. हे सगळं ठीक. पण शेवटी कान तपासायची चिठ्ठी दिली. गेले घसा दाखवायला, कानांचं काय मध्येच? डॉक्टरीणबाईंच्या ओळखीची लॅब असेल. चिठ्ठी पर्सच्या तळाशी टाकली.

शुक्रवार, १४ मार्च

मौनाचा चौथा दिवस. माळ्यावरून लेकीची जुनी पाटी काढली. काही हवं असलं की लिहिते.

सकाळ-संध्याकाळ पेल्यात बुडबुडे काढते. या वयात हा उद्योग! आज कामवाली बघून फिसकन हसली. पण घसा खरंच हलका वाटतोय. गुणगुणताना छातीत घरघर होत नाही.

गंमत म्हणजे हे फार खुशीत आहेत. मी पाटीवर लिहिलं, "बायकोचं तोंड बंद झालं म्हणून हसताय?" यांनी पाटी ओढून घेतली आणि खाली लिहिलं, "नाही. तू विचारलंस, मी उत्तर दिलं, ते तुझ्यापर्यंत पोचलं. बऱ्याच दिवसांनी." काय म्हणायचंय यांना, देव जाणे. पण मग आम्ही दुपारभर पाटीपाटी खेळलो. यांच्या ऑफिसातल्या एका माणसाचा किस्सा मला नवाच होता. मी लिहिलं, "हे कधी सांगितलं नाहीत!" यांनी लिहिलं, "दोनदा सांगितलंय."

विसरले असेन. वय झालं.

सोमवार, १७ मार्च

सकाळी आवाज असा लागला की पहिली दोन पानं वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, जिंकले. आणि तासाभरात पुन्हा खरखर, पुन्हा फाटला. मी पाणी प्यायले, खाकरले नाही, सगळं पथ्य पाळलं, तरी गेला. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

बाहेर आले तर बटण आत येऊन उभी. अगदी समोर येऊन, तोंड माझ्याकडे करून म्हणाली, "ताई, एक सांगू? रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या आवाजामागे अजून एक आवाज येतोय. हेडफोन इतका मोठा ठेवलाय की त्यातलं बाहेर पडून माइकात शिरतंय. दोन दिवसांचं काम वाया जाईल. कमी करू या का थोडा?"

कमी? आत्ताच मला धड ऐकायला येत नाही, ही अजून कमी करणार! स्वतःला ऐकल्याशिवाय वाचायचं कसं? म्हटलं, "तुझं यंत्र जुनाट झालंय ते बघ आधी. माझ्या कानात नाक खुपसू नकोस."

ती गेली. मी तशीच मालकांच्या खोलीत. सांगितलं, हिचं कामात लक्ष नाही, पुटपुटते, आणि वर मला शिकवते. मालक पेन्सिल फिरवत म्हणाले, "मग तिलाच बदलून बघू का?" मी म्हटलं, "बघा."

मग ते म्हणाले की एका नव्या वाचणाऱ्या बाईचा नमुना मागवलाय. येत्या गुरुवारी तिचं आणि माझं एकच पान शेजारी शेजारी लावून ऐकायचं आणि तिसऱ्या भागाचं ठरवायचं. म्हणजे माझी परीक्षा. या वयात, माझ्याच कादंबरीसाठी.

जेवण गेलं नाही. हे काहीतरी बोलत होते. मी मान हलवत राहिले.

गुरुवार, २० मार्च

लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

मालक, बटण, ती नवी आणि मी. बटणच्या छोट्या खोलीत चार खुर्च्या. नवी तिशीतली, हसऱ्या तोंडाची, मला वाकून नमस्कार केला. तिचं पान लावलं. चांगलं वाचते. खोटं कशाला लिहू.

मग माझं. बटण मालकांना म्हणाली, "आधी तो मागचा आवाज ऐकवते, मग तुम्हीच सांगा यंत्राचा दोष की कशाचा." माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "ताई, वाक्य संपल्यावर जी शांतता आहे ना, तिच्यात लक्ष द्या. तिथे बारीक दुसरा आवाज आहे." आणि तिने यंत्राकडे तोंड केलं.

मी कानात प्राण आणून ऐकलं. काही नाही. मालकांकडे बघितलं, त्यांचं तोंड गंभीर. नवीने खाली बघितलेलं. म्हणजे या सगळ्यांना ऐकू येतंय. आता मी एकटीच "नाही" म्हणाले तर? नकाराची सोयच नव्हती. मी जाणत्या माणसासारखी मान डोलावली आणि म्हटलं, "हो, आहे खरा. अगदी बारीक आहे, पण आहे."

बटण हळूहळू माझ्याकडे वळली. तिचा हात हवेतच होता.

"ताई," ती म्हणाली, "मी अजून लावलं नाहीये."

मला वाटलं जमीन दुभंगावी. मालक उठून खिडकीशी गेले. ती नवी आपली पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली, बिचारी. आणि बटण, जिची मी चुगली केली होती, तिच्या डोळ्यांत मला मेलीला राग दिसला असता तर बरं झालं असतं. ती रडवेली झाली होती. मग तिने खरंच लावलं. त्या तिघांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की आवाज आहे. मला नाही आला.

घरी आले ती तशीच पलंगावर बसले. हे समोर आले, तोंड बघितलं, आणि काही न विचारता पाटी घेऊन आले. लिहिलं, "कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"तुम्हाला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

यांनी लिहिलं, "बेलवाला पहिल्यांदा आला तेव्हापासून. त्याच्याआधीही थोडं."

मी किंचाळले, हो, किंचाळलेच, "मग बोलला का नाहीत?"

यांनी आधीचं पुसलं. मग एकच शब्द लिहिला.

"बोललो."

सोमवार, २४ मार्च

पर्सच्या तळातली चिठ्ठी काढली. काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बोट वर करायचं. मी कितीतरी वेळ बोट वर केलंच नाही. मला वाटलं यंत्र सुरू व्हायचंय.

दोन्ही कान. बरीच वर्षं हळूहळू उतरत आले असावेत, असं कानाचे डॉक्टर म्हणाले. स्वतःचा आवाज पोचत नाही म्हणून माणूस आपोआप चढ्या आवाजात बोलतो, आणि म्हातारा घसा ते सोसत नाही. घशाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. सगळ्या जगाने ओळखलं होतं. लाज वाटते म्हणजे किती वाटते.

मालकांना फोन केला. मला पलीकडचं नीट ऐकू येणार नव्हतं, म्हणून मीच बोलले, त्यांना बोलू दिलं नाही. रेकॉर्डिस्ट बदलू नका, चूक तिची नाही, माझी आहे. तिसरा भाग कुणालाही द्या, पण आधी एकदा मला कानांसकट वाचू द्या.

सोमवार, ३१ मार्च

कानातली यंत्रं आली. शेंगदाण्याएवढी.

देवा, केवढा गोंगाट आहे जगात! पेपराचं पान उलटलं तरी कानात कडाड होतं. बेल वाजली तर मी जागच्या जागी उडाले. फ्रीज घरघरतो हे मला माहीतच नव्हतं. आणि मग मी स्वयंपाकघरातून यांना हाक मारली, आणि ती हाक मला ऐकू आली.

कोण ही भांडखोर बाई? कुणाच्या अंगावर ओरडते आहे? हे तर हाकेच्या अंतरावर पण नव्हते, हातभर अंतरावर होते. पाणी भरत होते. हाकेसरशी यांचे खांदे वर गेले आणि खाली आले. रोजची सवय असल्यासारखे.

मी यंत्रं काढून डबीत ठेवली. दुपारी पुन्हा घातली.

शनिवार, ५ एप्रिल

आज वाचलं. तिसऱ्या भागाचं पहिलं पान.

हेडफोन घातला की कानातली यंत्रं शीळ घालतात. मला वाटलं संपलं सगळं. बटणने युक्ती काढली. हेडफोन नकोच. ती मागचं वाक्य खोलीतल्या स्पीकरवर ऐकवेल, स्पीकर बंद करेल, हात वर करेल, मग मी सुरू करायचं. वेळ दुप्पट लागतो. मी म्हटलं, "तुला त्रास आहे गं." ती म्हणाली, "ताई, तुमच्या ओरडण्यापेक्षा बरा." मग स्वतःच दचकली. मी हसले. तिचा आवाज किनरा, गोड आहे. इतके महिने मला तो कळला नव्हता.

माफी मागायचं ठरवून गेले होते, तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "मी मालकांना तुझ्याबद्दल वाईट सांगितलं होतं." ती म्हणाली, "मला माहीत आहे. बसा, वेळ होतोय."

हळू वाचायचं म्हणजे काय हे माझं शरीर विसरून गेलंय. दर वाक्याला गळा आपोआप चढायला बघतो, मी खाली ओढते. पान अर्ध्यावर आलं आणि घशात ती ओळखीची किरकिर सुरू झाली. खाकरायचं नाही. थांबले. घोटभर पाणी. ओठ मिटून गुणगुणले. मालक काचेपलीकडे उभे होते. पुढचं वाक्य वाचलं. आलं. त्याच्या पुढचं आलं. पान संपलं.

आवाज पूर्वीचा नाही. जाड झालाय, खाली उतरलाय, मधूनच काठ विरतो. ऐकताना मला तो अजिबात आवडला नाही. पण फाटला नाही.

मालक म्हणाले, "तिसरा भाग तुम्ही वाचा. पण रोज एकच बैठक, आणि त्यात आईच्या मुलीची जी पत्रं आहेत ती नवी वाचेल." पत्रं म्हणजे जवळजवळ पाव पुस्तक! वाद घालणार होते, पण म्हटलं, "चालेल." पोरगी चांगली वाचते.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी ओट्यापाशी भाजी निवडत होते. यंत्रं कानात होती, पण यांना ठाऊक नव्हतं. हे गॅलरीत, पाठ माझ्याकडे, मांडीवर पेपर. आणि यांचं पुटपुटणं मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं.

"आडवा. तीन अक्षरी. बैलाच्या गळ्यात असतो."

मग हे थांबले. पेन वर धरून थांबले, कुणी उत्तर देणार असल्यासारखे. कुणी दिलं नाही. "घुंगरू," म्हणाले आणि लिहिलं.

"उभा. दोन अक्षरी. दिव्यात जळते." पुन्हा थांबले. पुन्हा तेवढेच. "वात."

मी सुरी खाली ठेवली. हे पुटपुटणं नव्हतं. हे मला विचारत होते. आधी मोठ्याने विचारत असतील, मी "काय? मोठ्याने बोला!" म्हणून ओरडले असेन, मग आवाज खाली आला असेल. पण विचारायचं यांनी सोडलं नव्हतं, आणि माझ्या उत्तराची जागाही सोडायचे. रोज. मी इकडे आत उभी राहून हिशेब मांडत होते की हे मला कंटाळले.

मला रडू फुटलं. तोंडावर पदर धरला, कारण आता मला माझं रडणंही ऐकू येतं.

"आडवा. चार अक्षरी," हे म्हणाले. "शिंप्याच्या बोटात असतं."

थांबले. या वेळी बराच वेळ. पेनाने डोकं खाजवलं. यांना येत नव्हतं. येणार कुठून, घरातलं शिवणकाम मी केलं आयुष्यभर.

मी घसा साफ केला नाही. जागची हललेही नाही. जेवढा लागेल तेवढाच आवाज काढला.

"अंगुस्तान."

पेन थांबलं. यांनी मान वळवली नाही. पाठ तशीच, पण कान लालबुंद झाले. मग यांनी एकेक घर मोजत ते चार अक्षरी उत्तर भरलं, आणि त्याच हळू आवाजात म्हणाले,

"बसलं. आता उभा, पाच अक्षरी."